पाच फाटकं आणि एक पायरी

घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत पाच फाटकं होती आणि पाचही फाटकांचा कायदा एकच होता: बाजूला बसेल त्याने उघडायचं. हा कायदा कुणी केला, कधी केला, हे विचारायची त्या भागात पद्धत नव्हती. गाडी चालवणारा चालवतो. बाजूला बसलेला उतरतो, फाटक उघडतो, गाडी पलीकडे गेली की फाटक लावून साखळी अडकवतो आणि पुन्हा चढून बसतो. पाहुणा असो, पाद्री असो, लोकर घ्यायला आलेला दलाल असो, सगळ्यांना हेच. नोएलीन स्क्रिव्हन लग्नाच्या दिवशी चर्चमधून या फार्मवर आली तेव्हाही गाडी नेव्हिल चालवत होता, आणि पांढरा झगा गुडघ्यापर्यंत धरून लाल धुळीत फाटकं तिनेच उघडली होती. तेव्हा ती हसली होती. सासूने त्याचा फोटो काढून बैठकीत लावला होता.

आता ती त्रेसष्ट वर्षांची होती, डावा खुबा कामातून गेला होता आणि तिला मुळीच हसू येत नव्हतं.

खुब्यावर तिचा राग नव्हता. हाडं झिजतात, पुढच्या हिवाळ्यात ऑपरेशन होणार होतं, विषय संपला. तिचा राग होता त्या गाडीवर. खरं म्हणजे गाडीवरही नाही. गाडी काय, लोखंड आहे. राग होता त्या गाडीला दर वर्षी आणखी उंच करत नेणाऱ्या नवऱ्यावर.

मेंढ्या कमी केल्यापासून नेव्हिलला वेळ उरू लागला होता आणि रिकाम्या वेळात तो फोर-व्हील क्लबात जाऊन बसला होता. तिथे त्याच्यासारखेच साठी ओलांडलेले आठ-दहा बाप्ये होते. डोंगरातल्या कोरड्या ओढ्यांमधून, दगडधोंड्यांवरून गाड्या चढवायच्या, अडकवायच्या, एकमेकांच्या ओढून काढायच्या आणि संध्याकाळी शेगडीवर मटण भाजत त्याच गोष्टी पुन्हा सांगायच्या, असा त्यांचा उद्योग. नेव्हिलने आधी स्प्रिंगा बदलल्या. मग टायर मोठे घेतले. मग ते टायर बसेनात म्हणून पुन्हा स्प्रिंगा बदलल्या. गाडी घोड्यासारखी उंच झाली. तरी तोवर दाराखाली कंपनीने दिलेल्या पायऱ्या होत्या, आणि नोएलीन कशीबशी चढत होती.

गेल्या ईस्टरला त्या पायऱ्याही गेल्या. एका ओढ्यात गाडी दगडावरून घसरली, पायरी वाकून दाराला जाऊन भिडली आणि दार उघडेना. दुसरं दार खडकाला टेकलेलं. पोटाचा घेर सांभाळत नेव्हिलला खिडकीतून बाहेर यावं लागलं. अर्धा आत, अर्धा बाहेर, अशा अवस्थेत स्टम्पी नावाच्या त्याच्या जिवलग मित्राने त्याचा फोटो काढला. ती वाकडी पायरी आज क्लबाच्या भिंतीवर टांगलेली आहे आणि तिच्याखाली नेव्हिलचं नाव आहे. त्या दिवसापासून 'पायरी' म्हटलं की नेव्हिलचे कान लाल होत. दुसरी पायरीही त्याने घरी येऊन स्वतःच्या हाताने काढून टाकली.

"मग मी चढू कशी?" नोएलीनने विचारलं होतं.

त्यावर नेव्हिलने डोकं लढवलं. दुधाच्या बाटल्यांचा एक प्लास्टिकचा क्रेट घेतला, त्याला दोरी बांधली आणि दोरीचं दुसरं टोक दाराच्या आतल्या कडीला अडकवलं. क्रेट खाली टाकायचा, त्यावर उभं राहायचं, आत चढायचं आणि दोरीने क्रेट वर ओढून घ्यायचा. विहिरीतून बादली काढतात तसं. हा शोध त्याने क्लबात सांगितला आणि तिथे म्हणे टाळ्या पडल्या.

टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकालाही त्या क्रेटवर चढावं लागत नव्हतं. गावात दुकानासमोर, चर्चसमोर, पबच्या दारात उभ्या असलेल्या रिकामटेकड्यांसमोर नोएलीन तो क्रेट खाली टाकायची, वर चढायची आणि दोरी ओढायची. सगळे टोपी सारखी करत भलतीकडेच बघत, आणि त्या भलतीकडे बघण्याने तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

पण खरी गोष्ट वेगळीच होती. गावातल्या हॉस्पिटलच्या म्हाताऱ्यांच्या विभागात नोएलीनची आई होती. आयव्ही, वय अठ्ठ्याऐंशी. नोएलीन एक दिवसाआड तिच्याकडे जायची, एकटी, आपल्या छोट्या गाडीने. त्या गाडीचं इंजिन धुळीने खाल्लं तेव्हा नेव्हिल म्हणाला, दोन माणसांना एक चांगली गाडी पुरे. रानात फिरवायचा एक खटारा होता, पण त्याला नंबरप्लेटच नव्हती. तो रस्त्यावर न्यायचा नाही. उरली ही उंच गाडी. हिच्यातून एकटीने जायचं म्हणजे प्रत्येक फाटकाला दोनदा उतरायचं आणि दोनदा चढायचं. नोएलीनने एकदा करून पाहिलं. दुसऱ्या फाटकाशी ती क्रेटवरून पडली, बराच वेळ धुळीत बसून राहिली आणि घरी परतली. नेव्हिलला तिने सांगितलं की आईला झोप लागली होती म्हणून लवकर आले.

तेव्हापासून आईची भेट नेव्हिलच्या सवडीवर होती. नेव्हिलला सवड कमी. मागच्या आठवड्यात नर्सचा फोन आला. बिचारीने हसण्यावारी नेत सांगितलं की आयव्ही सगळ्यांना विचारते आहे, माझी नोएलीन गेली का, आणि तुम्ही माझ्यापासून लपवताय का?

फोन ठेवल्यावर नोएलीन नेव्हिलसमोर जाऊन उभी राहिली.

"गाडीला पायरी लागली पाहिजे. या आठवड्यात. आणि ती मी निवडणार."

तिचा चेहरा बघून नेव्हिल म्हणाला, "तू म्हणशील ती."

नोएलीन तयारीने कामाला लागली. व्हरांड्याच्या पायऱ्यांशी उभी राहून, खाली विटा रचून, आपला डावा पाय न कण्हता किती वर उचलतो ते तिने पाहिलं. चाऱ्याच्या गठ्ठ्यांना बांधतात ती निळी सुतळी घेतली, जमिनीपासून पावलापर्यंत धरली आणि तिथे गाठ मारली. गाठ दोनदा आवळली.

सोमवारी दोघं किनाऱ्यावरच्या पोर्ट ऑगस्टा शहराला निघाली. पाच फाटकं, पाचदा क्रेट. आज शेवटचं, एवढंच ती मनाशी म्हणत होती.

दुकानातला ब्रेंट चाळिशीचा, दाढीवाला, गोड बोलणारा माणूस होता. त्याचं सगळं गोड बोलणं नेव्हिलशी चाललं होतं.

"हे बघ मित्रा, तीन प्रकार आहेत. ही साधी नळीची पायरी, खाली लोंबते, चढायला सोपी. ही विजेवर चालणारी, दार उघडलं की आपोआप खाली येते, पण तुमच्याकडची धूळ तिला महिनाभरात खाईल. आणि हे रॉक-स्लायडर. जाड लोखंड, थेट चेसिसला जोडलेलं, गाडीच्या पोटाशी घट्ट. दगडावर आपटलं तर दगड फुटेल, हे नाही वाकणार."

नेव्हिलने त्या स्लायडरवरून हात फिरवला. लग्नानंतर त्याने इतक्या प्रेमाने कशावरून हात फिरवलेला नोएलीनने पाहिला नव्हता.

"मी बघते," ती म्हणाली.

"हो हो, मिसेसनाही बघू दे की," ब्रेंट नेव्हिललाच म्हणाला.

तिने सुतळी काढली. स्लायडरशी धरली. गाठ त्याच्या कितीतरी खाली राहिली. मग नळीच्या पायरीशी धरली. गाठ आणि पायरी एका रेषेत आली. दाखवायला ठेवलेल्या, तेवढ्याच उंच गाडीवर ती स्वतः चढून बसली, उतरली, पुन्हा चढली. कुणाचा हात नाही, क्रेट नाही. खुबा कुरकुरला, पण ओरडला नाही. तिला रडूच येणार होतं, म्हणून ती घाईने म्हणाली, "हीच."

"ओढ्यात ती नांगरासारखी लागेल हं," ब्रेंट म्हणाला.

"मी ओढ्यात राहत नाही."

नेव्हिल हसला. जरा जास्तच हसला, हे तिला नंतर आठवलं. "ऐकलंस ना ब्रेंट? हीच. नोल, यांना दोन तास लागतील. तुला आईसाठी सपाता घ्यायच्या होत्या ना? जा, घेऊन ये. ती सुतळी दे माझ्याकडे, उंची बरोबर लावून घेतो."

तिने सुतळी दिली. आईसाठी मेंढीच्या कातड्याच्या, आतून लोकर असलेल्या सपाता घेतल्या, बेकरीतली एक गरम पेस्ट्री खाल्ली, समुद्राच्या वाऱ्यात बाकावर बसली. बऱ्याच महिन्यांनी तिला स्वतःच्या बाजूने काहीतरी झाल्यासारखं वाटत होतं. गुरुवारी एकटीने जायचं, आईच्या पायात स्वतः सपाता घालायच्या आणि म्हणायचं, ही बघ, आहे मी.

ती परत आली तेव्हा गाडी दुकानाच्या अंगणात उभी होती. दाराखाली काळं, जाड, नवं लोखंड चमकत होतं. गाडीच्या पोटाशी घट्ट.



"आता कसं आहे नोल," नेव्हिल लगबगीने पुढे आला, "ब्रेंट म्हणाला ती नळी पहिल्याच ओढ्यात उखडून पडेल. मग पुन्हा खर्च. आणि यावरही पाय ठेवता येतो की! वर खडबडीत पट्टी आहे बघ, घसरायची भीती नाही. आणि क्रेट आहेच."

"उंची बघितलीस?"

"बघितली ना."

सीटवर एक खोका होता, उरलेल्या नटबोल्टांचा. खोक्याचं झाकण उघडू नये म्हणून निळ्या सुतळीने बांधलं होतं. दोनदा आवळलेली गाठ बरोबर मधोमध आली होती.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय, ते नोएलीनला त्या अंगणात कळलं. तिला तो खोका उचलून दुकानाच्या काचेवर मारावासा वाटला. नवऱ्याच्या त्या हसऱ्या, खजील, 'जाऊ दे ना आता' म्हणणाऱ्या तोंडावर मारावासा वाटला. पण ब्रेंट आणि त्याचे दोन कारागीर चहाचे मग घेऊन उभे होते आणि आता भलतीकडे बघत होते. तिने क्रेट खाली टाकला. वर चढली. दोरी ओढली. खोका मांडीवर घेतला आणि सुतळी सोडवली. गाठ मात्र सोडली नाही.

डांबरी रस्त्यावरचा दीड तास नेव्हिल एकटाच बोलत होता. पावसावर बोलला, स्टम्पीवर बोलला, येत्या ईस्टरच्या ट्रिपवर बोलला. समोरून आलेल्या प्रत्येक गाडीला त्याने स्टिअरिंगवरचं बोट उचलून नमस्कार केला. नोएलीन सपातांची पिशवी पोटाशी धरून बसली होती.

मग डांबर सुटलं, धूळ सुरू झाली आणि पहिलं फाटक आलं. नेव्हिलने गाडी थांबवली.

नोएलीन हलली नाही.

"नोल, फाटक."

"दिसतंय."

इंजिन गुरगुरत राहिलं. तारेवर बसलेले गुलाबी पोपट एकदा उडाले आणि परत येऊन बसले.

"रागावलीस का?"

"नेव्ह, आई नर्सला विचारते मी मेले का म्हणून. आणि तू मला दगड फुटतील की नाही ते सांगतोस."

"अगं, पण आपण जातोच की तिच्याकडे. मी नेतो ना तुला!"

"नेतोस. पिशवी नेतात तसं. मला जायचं होतं. मी, माझी, एकटी. त्यासाठी एक पायरी मागितली होती. बंगला नव्हता मागितला. आणि तू हो म्हणालास, मला सपाता आणायला पाठवलंस आणि माझ्या पाठीमागे हे करून घेतलंस. त्या स्टम्पीने हसू नये म्हणून! माझ्या पायाच्या मापाने खोका बांधलास तू, खोका!"

तिचा आवाज इतका चढला की पोपट पुन्हा उडाले. अशा वेळी नेव्हिल जे नेहमी करायचा तेच त्याने केलं: भांडणातून बाहेर पडायला काहीतरी कामाला लागायचं. तो स्वतःच उतरला आणि फाटक उघडायला गेला. इंजिन चालू ठेवून, दार उघडं टाकून. तिथे सगळे असंच करतात, किल्ली कुणी काढत नाही.

गाडीची पुढची सीट सलग होती, बाकासारखी. नोएलीन दात आवळून सरकली. गियरच्या दांड्यावरून डावा पाय दोन्ही हातांनी उचलून पलीकडे घेतला. खुब्यातून कळ आली ती डोळ्यांपर्यंत गेली. तिने दार लावलं, गियर टाकला आणि गाडी फाटकातून पलीकडे नेऊन उभी केली.

नेव्हिल फाटक लावून आला. बघतो तर बायको स्टिअरिंगवर.

"हे काय?"

"मी चालवते. चढ."

तो बाजूच्या दाराशी गेला. आपल्या बाजूने चढताना त्याला धरायला स्टिअरिंग असायचं. या बाजूला डॅशबोर्डवर धरायची एक मूठ होती, पण नवा रेडिओ बसवताना ती त्यानेच काढून टाकली होती. त्याने पाय उचलला, स्लायडरवर टेकवला, सीटचं कव्हर धरून स्वतःला वर ओढलं, पाय घसरला आणि नवं लोखंड त्याच्या नडगीवर बसलं. तो अर्ध्या चड्डीत होता. सालटं निघालं.

"क्रेट आहे," नोएलीन समोर बघत म्हणाली.

"नको मला क्रेट."

दुसऱ्यांदा तो चढला, गुडघा आधी टेकवून, मग पोट, मग बाकीचा नेव्हिल. धापा टाकत बसला. दुसऱ्या फाटकाला पुन्हा तेच झालं, फक्त या वेळी शिव्या जास्त होत्या. तिसऱ्या फाटकाला त्याने गुपचूप क्रेट खाली टाकला आणि चढल्यावर दोरी ओढून वर घेतला. चौथ्या फाटकाला क्रेट कलंडला आणि तो दाराला लोंबकळत राहिला. नोएलीनने हात दिला नाही. तिला वाईट वाटलं नाही. वाईट वाटायला पाहिजे असंही वाटलं नाही.

पाचवं फाटक घराचं. तिथून घर किलोमीटरभर लांब, ओढ्याकाठच्या निलगिरीच्या झाडांमधून पत्र्याचं छप्पर दिसायचं. गेले कित्येक महिने हे फाटक लावून झालं की नोएलीन बाहेरूनच हात करायची आणि म्हणायची, "तू हो पुढे. मला चालायला आवडतं." नेव्हिल निघून जायचा. धूळ बसली की ती कुंपणाला धरून, थांबत थांबत घरी यायची. क्लबात तो अभिमानाने सांगायचा की आमची नोल या वयातही फाटकापासून घरापर्यंत चालत येते बरं का.

नेव्हिलने फाटक उघडलं. गाडी पलीकडे गेली. त्याने फाटक लावलं, साखळी अडकवली आणि तो गाडीशी आला. नडगीवरचं रक्त मोज्यापर्यंत उतरलं होतं, धुळीने काळं पडलं होतं. त्याने वर सीटकडे पाहिलं. खाली क्रेटकडे पाहिलं. मग कपाळावरचा घाम पुसत, अगदी सहज आवाज काढून तो म्हणाला,

"नोल, तू हो पुढे. मी येतो."

"का?"

"असंच. मला चालायला आव..."

तो थांबला. त्याने बायकोकडे पाहिलं, मग कुंपणाच्या कडेने घरापर्यंत गेलेल्या त्या पायवाटेकडे. गेल्या वर्षी तिथे पायवाट नव्हती.

"नोल," तो म्हणाला. "तू दर वेळी..."

"मला कधीच आवडत नव्हतं, नेव्ह. एक दिवससुद्धा नाही."

खिडकीची कड धरून तो उभा राहिला. नोएलीनचा राग उतरला नव्हता, उतरायची तिला घाईही नव्हती. तिने डॅशबोर्डवरची निळी सुतळी उचलली आणि खिडकीतून त्याच्या हातात टाकली.

"उद्या सकाळी दुकान उघडेल तेव्हा आपण दारात असायचं. हे काढायचं आणि या गाठीला लागेल ते बसवायचं. तू ब्रेंटशी बोलायचं नाहीस, मी बोलणार. येताना आईकडे थांबायचं. गाडी मी चालवणार."

नेव्हिलने मान हलवली. हातातली गाठ बोटांनी चाचपली. मग मागच्या रस्त्याकडे बघत, हळूच विचारलं,

"आणि फाटकं?"

"बाजूला बसेल तो उघडेल," नोएलीन म्हणाली आणि गाडी गियरमध्ये टाकली.